अमेरिकेत पोलिसांनी गाडी थांबवली, कागद परत दिले, तरी जाऊ दिलं नाही

अबोली
१९ डिसेंबर, रात्री १०:४२

नमस्कार मंडळी. बरेच दिवस फक्त वाचत होते, आज धागा काढते आहे कारण हा विषय डोक्यातून जात नाही.

माझा मुलगा १९ वर्षांचा आहे, कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला. थँक्सगिव्हिंगची सुट्टी संपवून रविवारी दोन मित्रांबरोबर परत निघाला. आम्ही न्यू जर्सीत राहतो, कॉलेज दोन राज्यं ओलांडून पुढे. रात्री साडेनऊच्या सुमाराला, वाटेतल्या एका राज्यात (नाव सांगत नाही), लेन बदलताना इंडिकेटर दिला नाही म्हणून पोलिसाने त्याला थांबवलं. इंडिकेटर राहिला असेल, मी ते नाकारत नाही. लायसन्स, रजिस्ट्रेशन, इन्शुरन्स, सगळं त्याने दिलं. ऑफिसर आपल्या गाडीत जाऊन तपासून आला, लेखी वॉर्निंग दिली, कागद परत केले. मुलाला वाटलं, सुटलो.

पण ऑफिसर खिडकीपासून हलला नाही. कुठून आलात, कुठे चाललात, हे दोघं कोण, गाडीत काही आहे का, जरा बघू का? मुलगा म्हणाला, नको, आम्हाला उशीर होतोय. मग तिघांना खाली उतरवून थंडीत कडेला उभं केलं आणि अमली पदार्थ हुंगणाऱ्या कुत्र्याचं पथक मागवलं. कुत्रा आला, गाडीला दोन फेऱ्या मारल्या, काहीही दाखवलं नाही. मागच्या सीटवर मी दिलेले बेसनाचे लाडू आणि चकल्यांचा डबा होता, तेवढंच. मग जा म्हणाले.

खोलीवर पोचून त्याने फोन केला. पहिलं वाक्य होतं, "आई, मी काही चूक केली का?"

नवऱ्याचं म्हणणं, सोडलं ना, मग विसर. मला विसरता येईना. तीन आठवडे वाचत बसले, आणि वाचताना जे कळलं ते इथे मांडते.

अमेरिकेच्या घटनेची चौथी दुरुस्ती १७९१ ची. अवाजवी झडती आणि अवाजवी 'सीझर' यांपासून ती लोकांना संरक्षण देते. सीझर म्हटलं की आपल्याला वस्तूची जप्ती आठवते, पण माणसाला अडवून ठेवणं हेही त्यातच येतं. म्हणजे पोलिसाने दिवे लावून तुमची गाडी कडेला घ्यायला लावली, त्या क्षणी तुम्ही 'सीझ' झालात. २००७ च्या ब्रेंडलिन खटल्यात सुप्रीम कोर्टाने एकमताने सांगितलं की ड्रायव्हरच नाही, शेजारी बसलेला प्रवासीसुद्धा. म्हणजे माझ्या मुलाचे दोन्ही मित्र त्या संरक्षणाखाली होते.

आणि आमच्या प्रसंगाशी जवळजवळ जुळणारा खटला आहे रॉड्रिग्ज विरुद्ध युनायटेड स्टेट्स. नेब्रास्का, मार्च २०१२, मध्यरात्र नुकतीच उलटलेली. एक गाडी क्षणभर रस्त्याच्या कडेच्या पट्टीवर गेली. ड्रायव्हर म्हणाला, खड्डा चुकवत होतो. ऑफिसरने कागद तपासले, बरोबरच्या माणसाचेही तपासले, लेखी वॉर्निंग दिली. घड्याळात बारा वाजून सत्तावीस-अठ्ठावीस मिनिटं. मग विचारलं, गाडीभोवती कुत्रा फिरवू का? ड्रायव्हर नाही म्हणाला. त्याला उतरवून दुसरा ऑफिसर येईपर्यंत उभं केलं. वॉर्निंग दिल्यापासून कुत्र्याने इशारा देईपर्यंत सात-आठ मिनिटं गेली.

खालच्या कोर्टांचं म्हणणं, सात-आठ मिनिटांनी काय बिघडतं? एप्रिल २०१५ मध्ये सुप्रीम कोर्टाने सहा विरुद्ध तीन मतांनी ते अमान्य केलं. निकाल न्यायमूर्ती रूथ बेडर गिन्सबर्ग यांचा. त्याचा गाभा असा: गाडी ज्या कारणासाठी थांबवली, तेवढ्या कामापुरताच अडवण्याचा अधिकार. लायसन्स बघणं, वॉरंट आहे का पाहणं, इन्शुरन्स तपासणं हे त्या कामात येतं. कुत्रा फिरवणं येत नाही. काम संपलं, किंवा रेंगाळत न बसता केलं असतं तर जेव्हा संपलं असतं, तिथे अधिकार संपला. त्यापुढे एक मिनिट थांबवायचं असेल तर गुन्ह्याचा सयुक्तिक संशय हवा, आणि तो शब्दांत सांगता यायला हवा.

हे वाचलं तेव्हा मला रडू आलं. माझा मुलगा वेडा नव्हता. त्याला जे खटकलं, ते देशाच्या सर्वोच्च न्यायालयालाही खटकलं होतं.

तुमचे अनुभव सांगा. आणि कायदा जाणणारं कोणी असेल तर माझं कुठे चुकत असेल तिथे थांबवा.

मैलाचा_दगड
१९ डिसेंबर, रात्री ११:१५

अबोलीताई, मुलगा सुखरूप पोचला हे सगळ्यात मोठं. मी बावीस वर्षं टेक्ससमध्ये आहे, कामामुळे रोज गाडीवर. आजवर सहा वेळा थांबवलंय. जे करतो ते सांगतो: गाडी बंद, आतला दिवा चालू, काच खाली, दोन्ही हात स्टिअरिंगवर. कागद ग्लोव्ह बॉक्समध्ये असतील तर आधी सांगायचं की तिथे हात घालतोय, मगच घालायचा. उतरा म्हटलं तर उतरायचं. तिथे वाद नाही. १९७७ च्या मिम्स खटल्यापासून ड्रायव्हरला आणि १९९७ च्या विल्सन खटल्यापासून प्रवाशांनाही उतरायला सांगण्याचा पोलिसांना अधिकार आहे, संशय नसला तरी. म्हणजे उतरवलं हे एरवी बेकायदा नाही. काम संपल्यावर उतरवलं, ही तुमची खरी तक्रार.

आणखी एक. याच ह्यूस्टनजवळ २०१६ मध्ये टोल थकल्याच्या कारणावरून थांबवलेल्या तरुणाचा जीव गेला. गाडी पुढे सरकली आणि ऑफिसरने गोळ्या झाडल्या. त्याच्या आईने केलेला दावा सुप्रीम कोर्टापर्यंत गेला आणि मे २०२५ मध्ये कोर्टाने एकमताने म्हटलं की फक्त शेवटचे दोन सेकंद बघून बळाचा वापर योग्य ठरवता येणार नाही, सगळा प्रसंग बघावा लागेल. त्या आईला नऊ वर्षं लागली, आणि तेही दावा परत खालच्या कोर्टात पाठवण्यापर्यंतच. म्हणून मी माझ्या मुलींना सांगतो, हक्क तोंडाने सांगा, हाताने नको.

निशिगंध
२० डिसेंबर, सकाळी ७:०५

छान धागा. एक भाबडी शंका. आम्ही एच-१बी या नोकरीच्या व्हिसावर आहोत. हे घटनेचे हक्क नागरिकांचे ना? आम्हाला कोण विचारतो, या विचाराने मी तर पोलीस दिसला की गप्पच होते.

सुरंगी
२० डिसेंबर, सकाळी ८:३०

निशिगंध, मी न्यू जर्सीत वकिली करते. माझं काम फौजदारी नाही, त्यामुळे हा सल्ला समजू नका, पण एवढं खात्रीने सांगते: चौथ्या दुरुस्तीत शब्द 'पीपल' आहे, 'सिटिझन' नाही. इथे कायदेशीर राहणाऱ्या, काम करणाऱ्या, कर भरणाऱ्या माणसाला ती लागू होते. मात्र १८ वर्षांवरच्या परदेशी व्यक्तीने आपल्या नोंदणीचा कागद जवळ बाळगावा असा संघराज्याचा कायदाही आहे. ग्रीन कार्ड किंवा आय-९४ (देशात आल्याची नोंद) ची प्रत घरी फाईलमध्ये ठेवून फिरू नका.

आता अबोली. तुम्ही रॉड्रिग्ज अगदी बरोबर मांडला आहे. पण त्याच्या आजूबाजूचे निकाल पाहिले नाहीत तर चित्र फार गुलाबी दिसेल.

१९९६ चा व्हरेन. पोलिसाच्या मनात खरं कारण काही वेगळंच असलं तरी चालतं, वाहतुकीचा एखादा नियम खरोखर मोडलेला असला म्हणजे झालं. आणि दहा मैल गाडी चालवून एकही नियम न मोडणारा माणूस मला अजून भेटायचा आहे. त्यामुळे थांबवण्याच्या कारणावर हल्ला करून फारसं काही हाती लागत नाही.

२००१ चा अ‍ॅटवॉटर. टेक्सासमधली आई, पुढच्या सीटवर दोन लहान मुलं, कोणीच बेल्ट लावलेला नाही. जास्तीत जास्त दंड ५० डॉलर. तरी बेड्या घालून नेलं, आणि सुप्रीम कोर्टाने पाच विरुद्ध चार मतांनी ते घटनेत बसतं म्हटलं. हा निकाल वाचून मला आजही त्रास होतो.

आणि सगळ्यात महत्त्वाचा, १९७३ चा श्नेकलॉथ. तुम्ही स्वतःहून झडतीला हो म्हणालात तर पोलिसाला संशय लागत नाही, वॉरंट लागत नाही, काही लागत नाही. 'तुम्ही नाही म्हणू शकता' हे त्याने सांगणंही सक्तीचं नाही. १९९६ च्या रॉबिनेटमध्ये पुढचं पाऊल: कागद परत दिल्यावर 'आता तुम्ही जाऊ शकता' हेही सांगण्याची गरज नाही. म्हणजे कागद हातात आले, पोलीस खिडकीशी गप्पा मारतोय, तुम्ही सभ्यपणे उत्तरं देताय, आणि कोर्टात म्हटलं जातं की हा तर मोकळा माणूस होता, राजीखुशीने थांबला. म्हणून दोन वाक्यं पाठ हवीत. "अ‍ॅम आय फ्री टू गो?" आणि झडतीबद्दल विचारलं तर "आय डू नॉट कन्सेंट." बस्स. आवाज खाली, हात दिसतील असे.

न्यू जर्सीत जरा बरं आहे, आणि त्याला इतिहास आहे. एप्रिल १९९८ मध्ये टर्नपाईकवर, म्हणजे इथल्या टोलच्या महामार्गावर, ट्रूपर्सनी (राज्य पोलिसांनी) एका व्हॅनवर गोळ्या झाडल्या. आत बास्केटबॉल क्लिनिकला निघालेले चार तरुण होते, तिघे जखमी झाले. त्याआधीच १९९६ मध्ये एका न्यायाधीशाने आकडेवारी तपासून म्हटलं होतं की टर्नपाईकच्या दक्षिण टोकाला कृष्णवर्णीयांना निवडून थांबवलं जातंय. १९९९ च्या अखेरीपासून दहा वर्षं राज्य पोलीस संघराज्याच्या देखरेखीखाली राहिले. त्या वातावरणात २००२ मध्ये आमच्या राज्याच्या सुप्रीम कोर्टाने कार्टी खटल्यात सांगितलं: थांबवलेल्या गाडीची झडती घेऊ का, असा नुसता प्रश्न विचारायलाही आधी सयुक्तिक संशय हवा. त्याच्याही आधीपासून, १९७५ पासून, न्यू जर्सीत संमती तेव्हाच खरी जेव्हा नकार देता येतो हे माणसाला माहीत असतं. एक्झिट १० ला उतरून एडिसनला घरी जाणाऱ्या आपल्या माणसांना हे संरक्षण कोणामुळे मिळालं, हे आपण लक्षात ठेवायला हवं. ज्यांनी ते मिळवलं त्यांची कातडी आपल्याहून गडद होती आणि त्यांनी फार सोसलं.

पण राज्याची हद्द ओलांडली की हे जादाचं संरक्षण मागे राहतं. मग खात्रीची फक्त संघराज्याची किमान पायरी.

सह्यवारा
२० डिसेंबर, दुपारी १२:५०

वेगळं मत मांडतो, राग मानू नये. लपवायला काही नसेल तर झडती घेऊ द्यावी. पाच मिनिटांत मोकळे होतो. पोलिसालाही रात्री अंधारात अनोळखी गाडीजवळ जाताना जिवाची भीती असते, त्याचं घर असतं. मी अशीच दोनदा डिकी उघडून दाखवली आहे, दोन्ही वेळा हात मिळवून निघालो. आपण पाहुणे आहोत या देशात. नाही म्हणणं म्हणजे संशय ओढवून घेणं.

तांबडमाती
२० डिसेंबर, दुपारी ३:२०

सह्यवारा, तुमच्यासारखंच माझं मत होतं, गेल्या वर्षीच्या सप्टेंबरपर्यंत. मंडळाच्या गणपतीचं सामान घेऊन चाललो होतो. मागचा एक दिवा गेलेला, त्यासाठी थांबवलं. बघू का म्हणाले, मी म्हटलं शुअर. डिकीत पाटाखाली झिपलॉकच्या पिशव्या, त्यात पांढरी रांगोळी. शेजारी कापराच्या वड्या. पुढे काय झालं असेल कल्पना करा. मी 'रांगोळी' हा शब्द इंग्रजीत समजावत होतो आणि तो माणूस माझ्याकडे बघतच नव्हता. पावणेदोन तास रस्त्याच्या कडेला. शेवटी वरिष्ठ आला, त्याने सोडलं. माझ्याकडे लपवायला काहीच नव्हतं. तुमच्या गाडीत काय आहे हे तुम्हाला माहीत असतं, पण ते समोरच्याला काय वाटेल हे माहीत नसतं. शिवाय ज्याला आपण राईड दिली त्याच्या खिशातून सीटखाली काय पडलं, ते तर आपल्यालाही माहीत नसतं.

सुरंगी
२० डिसेंबर, दुपारी ४:१०

तांबडमाती, वाईट वाटलं वाचून. सह्यवारांच्या शेवटच्या वाक्याबद्दल थोडं: झडतीला नकार दिला एवढ्यावरून संशय घेता येत नाही, हे कोर्टांनी वारंवार म्हटलं आहे. हक्क वापरणं हाच पुरावा धरला तर हक्क उरतोच कुठे? आणि न्यू जर्सीत २०२१ पासून गांजाचा नुसता वासही सयुक्तिक संशयाला पुरत नाही.

घाटमाथा
२० डिसेंबर, रात्री ९:०० (भारतीय वेळ)

मी छत्रपती संभाजीनगरला वकिली करतो. तुमची चर्चा वाचून आपल्याकडचं सांगावंसं वाटलं, कारण फरक मोठा आहे आणि तो सहसा लोकांना माहीत नसतो.

अमेरिकेत १९६१ च्या मॅप खटल्यापासून राज्यांच्या कोर्टांतही नियम असा की बेकायदा झडतीत मिळालेला पुरावा खटल्यात वापरता येत नाही. पोलिसाला आवर घालणारी खरी दोरी तीच. आपल्याकडे ती दोरी नाही. १९५४ मध्ये एम. पी. शर्मा खटल्यात आठ न्यायमूर्तींनी म्हटलं की चौथ्या दुरुस्तीसारखी तरतूद आपल्या घटनाकारांनी ठेवलेली नाही. १९७३ मध्ये पूरणमल खटल्यात पाच न्यायमूर्तींनी सांगितलं, झडती बेकायदा असली तरी मिळालेला पुरावा तेवढ्यावरून बाद होत नाही. २०१७ मध्ये पुट्टस्वामी निकालाने खासगीपणाचा हक्क अनुच्छेद २१ मध्ये मान्य केला आणि शर्मा निकालातलं त्याविरुद्धचं मत रद्द ठरवलं, पण पूरणमल अजून उभा आहे.

अपवाद अमली पदार्थांच्या कायद्याचा. कलम ५० खाली अंगझडतीआधी 'राजपत्रित अधिकारी किंवा मॅजिस्ट्रेटसमोर झडती मागू शकता' हे माणसाला सांगावंच लागतं. १९९९ च्या बलदेव सिंग निकालाने ते पक्कं केलं. पण ते अंगापुरतं. बॅगेला, गाडीला लागू नाही.

रस्त्यावरचं बोलायचं तर मोटार वाहन कायद्याचं कलम १३० म्हणतं की लायसन्स मागणारा पोलीस गणवेशात हवा. कागद मोबाईलवर दाखवलेले चालतात, नियम १३९ मध्ये तसं आता स्पष्ट आहे. अटक केली तर कारण सांगणं आणि २४ तासांत मॅजिस्ट्रेटपुढे नेणं, हे अनुच्छेद २२. आणि जुलै २०२४ पासून नव्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १०५ ने झडती-जप्तीचं चित्रीकरण सक्तीचं केलं आहे. माझी आशा आहे ती या शेवटच्या गोष्टीवर. कागदावरचा पंचनामा सगळीकडे सारखाच असतो, एकाच भाषेतला. चित्रीकरणात माणूस दिसतो.

अबोलीताई, तिकडे पोलिसांच्या अंगावर कॅमेरे असतात ना? ते चित्रण मागवा.

निशिगंध
२१ डिसेंबर, सकाळी ६:४०

सुरंगी, मनापासून आभार. अजून दोन छोटे प्रश्न. फोन बघायला मागितला तर? आणि भाड्याची गाडी असली तर?

सुरंगी
२१ डिसेंबर, सकाळी ९:१५

फोनला वॉरंट लागतं, अटक झालेली असली तरीही. २०१४ चा रायली खटला, एकमताने. तोही सुरू झाला मुदत संपलेल्या रजिस्ट्रेशनवरून थांबवलेल्या गाडीपासून. मात्र पासवर्ड टाकून फोन हातात दिलात तर ती पुन्हा संमतीच. भाड्याच्या गाडीबद्दल २०१८ चा बर्ड: करारावर नाव नसलं तरी, मूळ भाडेकरूच्या परवानगीने चालवणाऱ्याला एरवी खासगीपणाची अपेक्षा ठेवता येते. तुम्हाला स्वतः चित्रीकरण करायचं असेल तर न्यू जर्सी आणि पेनसिल्व्हेनियात २०१७ च्या फील्ड्स निकालाने सार्वजनिक ठिकाणी पोलिसांचं काम चित्रित करण्याचा हक्क मान्य केला आहे. फोन डॅशबोर्डवर आधीच लावलेला असू दे, पोलीस खिडकीशी आल्यावर शोधायला जाऊ नका.

सह्यवारा
२१ डिसेंबर, सकाळी १०:३०

रांगोळीचा किस्सा वाचून विचार बदलतोय, पण पूर्ण नाही. रॉड्रिग्जचं शेवटी काय झालं? त्याच्या गाडीत अमली पदार्थ सापडलेच होते ना?

अबोली
२१ डिसेंबर, रात्री ९:५५

हो, सापडले होते. मेथ. आणि ऐका, सुप्रीम कोर्टात जिंकूनही त्याची शिक्षा कायम राहिली. प्रकरण परत खालच्या अपील कोर्टात गेलं. त्या कोर्टाने म्हटलं, त्या रात्री आमच्या भागात लागू असलेल्या निकालांप्रमाणे पोलीस प्रामाणिकपणे वागला होता, म्हणून पुरावा बाद करायचा नाही. नियम पुढच्या सगळ्यांना मिळाला, त्याला नाही.

मला विचाराल तर म्हणूनच तो निकाल मोठा आहे. निर्दोष माणूस असं कोर्टात जातच नाही. माझ्या मुलाच्या गाडीत लाडू होते, म्हणून खटला नाही, न्यायाधीश नाही, नोंद नाही. त्याची ती मिनिटं कोणीच मोजली नाहीत.

घाटमाथा, अर्ज उद्याच करते.

अबोली
११ फेब्रुवारी, रात्री ११:२०

धागा वर काढते आहे. चित्रण काल मिळालं. सुरंगी यांनी अर्ज तपासून दिला, त्यांची ऋणी आहे.

आम्ही तिघांनी, मी, नवरा आणि व्हिडिओ कॉलवर मुलगा, एकत्र बसून पाहिलं. वॉर्निंगचा कागद दिला तेव्हा पडद्यावर ९:३८. कुत्रा गाडीपाशी आला ९:५१. तेरा मिनिटं. नवरा काही बोलला नाही, पण मागे जाऊन परत परत ती वेळ बघत होता.

मधे एक जागा आहे. मुलगा झडतीला नाही म्हणतो, स्पष्ट ऐकू येतं. ऑफिसर म्हणतो, ठीक आहे. मग अगदी साध्या आवाजात विचारतो, माझा सहकारी जवळच आहे, तो येईपर्यंत दोन मिनिटं थांबायला तुमची हरकत नाही ना? आणि माझा मुलगा म्हणतो, "नो सर, नो प्रॉब्लेम."

त्याला हे आठवतच नव्हतं. मला सांगताना तो 'थांबवलं' म्हणाला होता आणि खोटं बोलत नव्हता. त्याला ती विनंती वाटलीच नव्हती.

सुरंगींना पाठवलं. त्यांचं उत्तर तीन ओळींचं होतं. या वाक्यामुळे पोलिसांची बाजू म्हणेल की तो संमतीने थांबला. उलट बाजूने म्हणता येईल की रात्री, दिवे चमकत असताना, तिथून निघून जाता येईल असं कोणत्याही सामान्य माणसाला वाटलं नसतं, आणि संमती दोन मिनिटांची होती, तेराची नाही. दोन्ही बाजूंनी निकाल आहेत.

तक्रार अर्ज लिहून ठेवला आहे, त्यात ते वाक्यही जसंच्या तसं घातलं आहे. मुलगा म्हणाला, सही मी करतो, नाव माझं आहे.

मोठ्यांनी काही विचारलं तर 'हो, चालेल' म्हणावं, हे त्याला मीच शिकवलं होतं.